हिरव्या वडीचे डबे

“जीभ बाहेर काढ,” बाबा म्हणाले.

मी काढली. त्यांनी कढईतला हिरवा गोळा उलथन्याच्या टोकानं उचलून माझ्या जिभेवर ठेवला आणि जरा मागे सरकले, सुतळी बॉम्बची वात पेटवल्यावर माणूस सरकतो तसे.

आधी अडुळसा आला. अडुळसा कडू असतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण तो गुळात शिजवला की नुसता कडू राहत नाही. आधी गोड बोलून मग घराबाहेर काढणाऱ्या नातेवाइकासारखा लागतो. त्याच्यामागून ओव्याचं पान आलं. या पानाला लव असते, कितीही चुरलं तरी ती जात नाही. ते ओल्या सुरवंटासारखं टाळूला चिकटून बसलं. गवती चहाचे दोरे दाढांत अडकले, न्हाणीघराच्या जाळीत केस अडकतात तसे. आणि सगळ्यांच्या शेवटी अक्कलकाढा. ही एक मुळी असते, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. जिभेवर पडली की आधी मुंग्या येतात, मग जीभ बधिर होते आणि तोंडाला नळ सोडल्यासारखी लाळ सुटते.

“कशी झालीय?”

मला ‘वेगळी’ म्हणायचं होतं. पण जीभ रजेवर गेली होती, त्यामुळे नुसताच एक ओला आवाज आला. बाबांना तो पुरला. गेल्या खेपेला अक्कलकाढा कमी पडला होता, ते म्हणाले, आज कुठं जरा जमल्यासारखं वाटतंय. मग त्यांनी तो गोळा तूप लावलेल्या ताटात थापला. पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीला जो रंग येतो, तो रंग त्या ताटात आला.

खरं तर त्या सकाळी मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. पण जिभेनं दगा दिला आणि मी हनुवटी पुसत बाहेर आलो.

ती गोष्ट अशी की ही वडी कोणीही खात नव्हतं.

बाबा विट्याच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. जन्मभर माइकवरून ‘विटा-सांगली, तासगाव मार्गे’ पुकारण्यात गेल्यामुळे घरातही ते तसंच बोलायचे. जेवायला या असं ते कधी म्हणाले नाहीत. पानं लागलेली आहेत, प्रवाशांनी नोंद घ्यावी, असं म्हणायचे. साथीच्या वर्षी आई आणि बाबा दोघांना ताप आला. दोघं एकाच गाडीतून दवाखान्यात गेले, एकटे बाबा परत आले. त्यानंतर घरात पुकारा बंद झाला.

वर्षभर घरात फराळ करायचा नसतो, म्हणून त्या दिवाळीला गल्लीतल्या सगळ्यांनी आम्हाला फराळ आणून दिला. प्रत्येकाचा डबा. आता आमच्याकडे रीत अशी की आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही. निदान चमचाभर साखर तरी घालायची. आई असती तर तिनं डबे घासून, पुसून, भरून आठवड्यात परत केले असते. आम्हाला दोघांना चकलीतलं काही कळत नव्हतं, त्यामुळे ते डबे फळीवर नुसते बसून राहिले. आम्ही त्यांच्याकडे बघायचो, ते आमच्याकडे बघायचे.

वर्ष सरल्यावर एके दिवशी बाबा परसात गेले. तिथं आईनं तेलाच्या डब्यांत आणि फुटक्या बादलीत लावलेली झाडं होती: ओवा, गवती चहा, पुदिना, तुळस, कुंपणाला अडुळसा. बाबांनी पाला खुडला, गूळ विरघळवला आणि वडी केली. औषधी आहे, ते म्हणाले, लोकांच्या उपयोगी पडेल. ती वडी घालून सगळ्यांचे डबे सगळ्यांना पोचले.

इथं प्रकरण संपलं असतं. पण आमची गल्ली सभ्य आहे. दारात उभ्या असलेल्या विधुराला वडी वाईट झालीय असं कोण सांगणार? ‘वेगळीच चव आहे हो,’ असं एकजण म्हणाला. ‘असेल तर अजून द्या, आमच्या ह्यांना खोकला आहे,’ असं दुसरी म्हणाली. बाबांनी हे सगळं खरं मानलं. आईचे डबे खाली काढले. ‘सौ. शालन’ असं नाव कोरलेले, स्टीलचे, कडीचे, एकात एक बसणारे. ते भरून पुन्हा घरोघर गेले.

आणि त्यातला एकही परत आला नाही.

बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. लोक पुरवून पुरवून खातायत, ते म्हणायचे. मग उरलेले डबेही गेले. फळीवर डब्यांच्या बुडांची गोल वर्तुळं तेवढी राहिली.

त्यातच पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या ताईचा साखरपुडा ठरला. मुलगा तिच्याच ऑफिसातला, इस्लामपूरचा, तिनं स्वतः पसंत केलेला. मुलाकडचे राजी होते, फक्त त्याचे मामा सोडून. हे मामा जातील तिथं खोट काढायचे. एका घरी म्हणे त्यांनी पाण्याच्या चवीवरून सोयरीक मोडली होती. बाबांनी जाहीर केलं की साखरपुड्याला आपण पेढे वाटणार नाही. प्रत्येक पाहुण्याला घरची औषधी वडी. विकतचं कोणीही देतं.

ताईचा पुण्याहून फोन आला. “इंद्या, तू सांगणार आहेस की मी सांगू?”

मी म्हणालो, सांगतो.

“माझ्या नावानं सासरच्या लोकांच्या तोंडाला फेस आलेला मला चालणार नाही. आणि मामांच्या तर नाहीच नाही.”

म्हणून त्या दिवशी, जिभेत जीव आल्यावर, मी पिशवी घेतली आणि डबे गोळा करायला निघालो. नुसतं सांगून बाबांना पटलं नसतं. न खाल्लेल्या वड्यांनी भरलेले डबे त्यांच्यासमोर ठेवायचे, मग बोलायचं काही कामच उरणार नाही, असा माझा बेत होता. निघताना स्वयंपाकघरात एक वेगळा, आंबूस वास आला. मला वाटलं, नव्या खेपेचा असेल. त्या वडीच्या बाबतीत माणूस कुठलाही वास मान्य करायचा.

पहिल्यांदा शेजारच्या पाटणे काकू. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि डब्याचा विषय निघताच आवाज खाली आणला. डबा होता. त्यात त्यांनी सुया-दोरे ठेवले होते. वड्या कुठं आहेत विचारल्यावर त्यांनी नुसतं फ्रिजकडे बघितलं. फ्रिजचा एक पाय आखूड होता. त्याच्याखाली दोन वड्या एकावर एक बसवलेल्या होत्या आणि फ्रिज अगदी पातळीत उभा होता.

“मुंगीसुद्धा लागली नाही रे,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखरचा आदर होता. “पण बाबांना माझं नाव सांगू नकोस हं.”

गल्लीच्या टोकाला हिंगमिरे अण्णा. त्यांच्या गोठ्यात डबा खुंटीला टांगलेला होता. अण्णांनी वडी म्हशीला घातली होती, औषधी आहे म्हणून. म्हशीनं हुंगली, अण्णांकडे एकदा नीट बघितलं आणि मग कितीतरी दिवस दूध चोरलं. अजूनही अण्णांचा हात तिच्या तोंडाजवळ गेला की ती मान फिरवते. उरलेल्या वड्या डब्यात तशाच होत्या, गवती चहाचे दोरे बाहेर आलेल्या, मेलेल्या उंदराच्या मिशा दिसाव्यात तशा. अण्णांनीही नाव सांगू नको म्हणून सांगितलं. म्हशीचंसुद्धा.

शेवटी आत्या. बाबांची धाकटी बहीण, पलीकडच्या आळीत राहते आणि तोंडानं फटकळ आहे. मला वाटलं, निदान हिनं तरी भावाला सुनावलं असेल. आत्यानं मला देवघरात नेलं. डबा देवांच्या मागे होता, वर एक फूल वाहिलेलं.

“अन्न आहे, टाकवत नाही,” आत्या म्हणाली. “आणि गिळवत तर अजिबात नाही. मग ठेवलं देवाजवळ. म्हटलं, बघ बाबा तूच.”

मी विचारलं, डबा परत का नाही दिलास?

“दिला होता की एकदा. रिकामा कसा द्यायचा, म्हणून बेसनाचे लाडू घालून दिला. संध्याकाळच्या आत हिरवा होऊन परत आला माझ्या दारात. पुन्हा कोण देतंय? डबा अडवून ठेवला की वडी अडते, हे सगळ्या गल्लीला कळलंय. तुलाच काय ते उशिरा.” मग ती मूळ दुखण्यावर आली. “लाडू कसे झाले होते विचारलं तर दादा काय म्हणाला माहितेय? मऊ होते, म्हणाला. शेरभर तूप घातलं होतं मी, वेलदोडे घातले होते. मऊ. रेल्वेची गादी आहे का ती?”

तिला त्याचाच राग होता. आणि तीही दारापर्यंत आली, दादाला माझं नाव सांगू नको म्हणायला.

पिशवी भरली. तिच्यात आईचं नाव खडखडत होतं आणि मधून मधून झाकणाच्या फटीतून तो ओला, औषधी, कुजका गोडवा माझ्या नाकापर्यंत येत होता. वाक्यं मी मनात जुळवली होती. बाबा, हे बघा. बाबा, लोक चांगले आहेत म्हणून बोलत नाहीत. बाबा, पेढे.

दार उघडलं आणि सगळी वाक्यं उलटीसकट घशाशी आली.

सकाळी जो वास नुसता आंबूस होता तो आता घराचा मालक झाला होता. दुपारच्या उन्हानं त्याला बळ आलं होतं. काहीतरी मेलेलं होतं, फुगलेलं होतं आणि बहुतेक फुटलेलंही होतं. तो वास नाकात जात नव्हता, तोंडात येत होता, जाडसर, चघळता येईल असा. डोळ्यांना पाणी आलं. मी पिशवी टाकून शर्टानं तोंड दाबलं आणि आत गेलो.

बाबा ओट्याशी उभे होते. कढईत नवी खेप चढवलेली. साखरपुड्याची. उलथनं फिरवत ते एका लयीत डुलत होते. ओट्याखालच्या कोपऱ्यातून, सिलिंडरच्या मागून, माश्यांची एक रांग शांतपणे ये-जा करत होती. एक माशी बाबांच्या मनगटावर बसली. त्यांनी ती हलक्या हातानं उडवली.

“आलास?” ते मागे न बघता म्हणाले. “काय वास सुटलाय, बघ. तुळस जरा जास्त घातलीय.”

मी मोरीत धावलो आणि ओकलो. पाटणे काकूंचा चहा गेला, सकाळचा हिरवा गोळाही गेला. परत जाताना तो येताना होता त्यापेक्षा बरा लागला.

बाबा मोरीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात उलथनं, त्यावरून हिरवा थेंब लोंबत होता. त्यांचा चेहरा उतरला होता.

“एवढी वाईट झालीय का रे?”

“बाबा,” मी म्हणालो, “ओट्याखाली काहीतरी मेलंय.”

त्यांनी ओट्याकडे वळून बघितलं.

“तुम्हाला वास येत नाही?”

“येतो की. तुळशीचा.” हे ते माइकवरच्या आवाजात म्हणाले, गाडी येणार नाही हे माहीत असताना ‘थोड्याच वेळात’ असं पुकारायचे त्या आवाजात. मग त्यांनी जाऊन गॅस बंद केला. पाठमोरे उभे राहिले.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तापात गेला. तुझी आई शेजारच्या खाटेवर होती तेव्हाच. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू.” त्यांनी उलथनं कढईच्या काठावर ठेवलं. “आला नाही.”

चवही त्याच्याबरोबर गेली होती. गूळ म्हणजे ओली माती, बाबा म्हणाले, आणि चहा म्हणजे गरम पाणी. आत्याचे लाडू मऊ होते, एवढंच कळलं. आई होती तेव्हा ती पहिला घास त्यांना द्यायची, मीठ बघा म्हणून. आता मीठ बघायला सांगणारंही कोणी नव्हतं आणि सांगितलं असतं तर बघता येणारही नव्हतं, म्हणून कुणाला बोलायचं कारण पडलं नाही. तिच्या साडीची घडी मोडायची नाही, वास जाईल, असं मीच तुम्हाला बजावलंय, ते म्हणाले, पण मी एकदा मोडली. तोंडाशी धरली. काही आलं नाही. मग परत घातली घडी, तुमच्यासाठी.

“आणि एकदा परसात सहज ओव्याचं पान चावलं. तर चुरचुरलं. दुसऱ्या दिवशी अडुळसा. काहीतरी कडवट कळलं. मग त्या दुकानदारानं अक्कलकाढा दिला.” ते माझ्याकडे वळले. “अरे, जीभ आहे असं वाटतं त्यानं. मला म्हणून वाटलं, हे लोकांना द्यावं. मला लागतंय म्हणजे चांगलं असणार.”

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. ओट्याखालचं जे काही होतं ते आमच्या बोलण्याची वाट बघत थांबलेलं नव्हतं, त्याचं चालूच होतं.

“ते काढायला पाहिजे,” मी म्हणालो.

“मी काढतो. मला काय.”

त्या घरात त्या क्षणी हे काम करू शकणारा तो एकच माणूस होता. बाबा गुडघ्यांवर बसले, सिलिंडर सरकवला आणि हात आत घातला. घूस होती, मांजराएवढी. पोट फुगून केस झडलेले, कातडी शेवाळलेली, आणि एका अंगानं पांढरं काहीतरी वळवळत खाली गळत होतं. बाबांनी तिला शेपटीला धरून उचललं आणि माझ्या समोरून, चेहऱ्यावर अगदी कामाचा भाव ठेवून, परसात नेलं. मला दुसऱ्यांदा मोरी गाठावी लागली. कुंपणाशी खड्डा खणून त्यांनी ती पुरली.

“अडुळशाला खत,” ते म्हणाले.

हे ऐकून मला तिसऱ्यांदा जावं लागलं.

मग फिनेल झालं, सोडा झाला, खिडक्या उघड्या झाल्या. बाबा दर थोड्या वेळानं विचारत होते, गेला का? मी म्हणायचो, अजून थोडा आहे. ते परत फरशी घासायचे. शेवटी मी गेला म्हणालो तेव्हा ते खाली बसले आणि त्यांना दाराजवळची पिशवी दिसली.

“हे सगळे एकदम कसे आले?”

माझा बेत तेव्हा मला नको झाला होता, पण पिशवी त्यांच्याजवळ होती. त्यांनी एक झाकण उघडलं, दुसरं उघडलं. देवघरातल्या डब्यातलं वाळकं फूल त्यांनी बाजूला काढून ठेवलं. वड्या बघितल्या.

“संपल्या नाहीत,” ते म्हणाले.

“बाकीच्यांच्या जिभा शाबूत आहेत, बाबा.”

बराच वेळ ते डब्यावरच्या नावावर अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, “कशी लागते? खरं सांग. वेगळी म्हणू नको.”

मी सांगितलं. अडुळशापासून सुरुवात केली. गोड बोलून घराबाहेर काढणारा नातेवाईक सांगितला, टाळूवरचा सुरवंट सांगितला, न्हाणीच्या जाळीतले केस सांगितले. पाटणे काकूंचा फ्रिज आणि अण्णांची म्हैसही सांगितली, नावासकट. मला वाटलं होतं ते दुखावतील. ते ऐकत होते, माणूस कधीच न बघितलेल्या गावाबद्दल ऐकतो तसे. मध्येच हात वर करून थांबवायचे.

“सुरवंट म्हणजे ओला, की वाळलेला?”

“ओला.”

“बरं. मग? पुढं सांग.”

शेवटी मी बधिर झालेली जीभ आणि लाळ सांगितली तेव्हा ते हसायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. डोळे पुसून म्हणाले, म्हैस बिचारी.

साखरपुड्याला आम्ही आलेपाक केला. ढवळायचे बाबा, चाखायचो मी. आलं वाढव, साखर पुरे, चिमूटभर सुंठ, असं मी सांगायचो आणि ते मान डोलावत हुकूम पाळायचे. त्यात परसातल्या पुदिन्याची दोन पानं होती, बस. बाबांची स्वतःची हिरवी वडी आईच्या सगळ्यांत लहान डब्यात वेगळी ठेवली होती.

पाहुण्यांना आलेपाक आवडला. मामा खोट काढत हॉलपासून मांडवाच्या रंगापर्यंत आले होते आणि आता देण्याघेण्याच्या बोलण्याला बसणार होते, तेवढ्यात त्यांचा घास थांबला. चेहरा गोरामोरा झाला, तोंडाला पाणी सुटलं आणि रुमाल हनुवटीला लावून ते बसून राहिले. सगळी बोलणी झाली. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला मामांनी मान हलवली, कारण दुसरं काही हलत नव्हतं. ताई त्या घरात सुखात आहे. मामांच्या पुढे कुठला डबा गेला ते मी बघितलं नाही. बाबा म्हणतात, त्यांनीही नाही.

आता मी पुण्यात असतो. बाबा विट्यातच राहतात, नाक आलं नाही ते नाहीच. वर्षातून एकदा एस.टी.च्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर आईचा डबा येतो, आत हिरवी वडी. मी एक तुकडा खातो. दरवर्षी ती आधीच्या वर्षीपेक्षा घाण असते. मग मी फोन करून ती कशी लागली ते त्यांना सविस्तर सांगतो, त्यासाठी वेळ काढून बसतो. गेल्या वर्षी कुजलेलं गवत खाल्लेल्या बेडकाची ढेकर असं म्हणालो होतो. ते त्यांनी आत्यालाही सांगितलं.

आणि डबा रिकामा पाठवायचा नसतो. म्हणून मी ठेचा करतो. लवंगी मिरची, लसूण, परातभर पुदिना, जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबत नाही. करताना डोळे सुजतात, शेजारचे खिडक्या लावून घेतात. चाखायच्या भानगडीत मी पडत नाही. डबा गेला की फोनची वाट बघतो.

यंदाही संध्याकाळी फोन आला. आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज, मग खोकला.

“बाबा?”

“लागतंय रे,” ते म्हणाले.